लांबच्या विमानप्रवासासाठी परवडणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: डेसिबलच्या आकड्याआधी काय पाहावे

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरीकडे झुकलेले आई-वडील पुण्याहून मुंबईला येऊन तिथून थेट विमानाने न्यूयॉर्क परिसरात लेकीकडे जाणार आहेत. प्रवास १५-१६ तासांचा आहे आणि मागच्या खेपेला विमानाच्या घरघरीने दोघांचेही डोके उठले होते. दर माणशी १०,००० रुपयांच्या आत चांगले नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट मारणारे, हेडफोन मिळतील का, आणि ३,००० रुपयांच्या हेडफोनच्या खोक्यावरही '५० डेसिबल' छापलेले असताना त्याच्या तिप्पट पैसे का मोजावेत?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: मिळतील. दुसऱ्या भागाचे उत्तर द्यायला थोडा वेळ लागेल, कारण आवाज मोजणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असूनही हेडफोन निवडताना मी खोक्यावरचा डेसिबलचा आकडा सर्वांत शेवटी पाहतो. विमानासाठी हेडफोन निवडताना खरी कसोटी त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सची कमी आणि तो त्या विशिष्ट डोक्यावर, त्या विशिष्ट चष्म्यासकट, दहा तासांनंतर कसा बसतो याची जास्त असते.

आधी विमानातला आवाज कसा असतो ते पाहू. विमान उंचीवर स्थिरावल्यावर केबिनमधला आवाज साधारण ८० ते ८५ डेसिबलच्या घरात असतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत तो काही डेसिबलने कमी असतो. हा सगळा आवाज इंजिनाचा असतो असा समज आहे, पण त्यातला मोठा भाग विमानाच्या अंगावरून वेगाने घासत जाणाऱ्या हवेचा आणि आतल्या वातानुकूलन यंत्रणेचा असतो. इंजिनाचा वाटाही असतोच, म्हणून इंजिनाच्या मागच्या बाजूच्या रांगा पंखांच्या पुढच्या रांगांपेक्षा जास्त गोंगाटाच्या असतात, आणि घासणाऱ्या हवेमुळे खिडकीजवळ बसणाऱ्याला भिंतीतून येणारा सळसळाट अधिक ऐकू येतो. तिकीट काढताना आसन निवडता येत असेल तर पंखांच्या पुढची, मधल्या बाजूची आसने निवडणे हा हेडफोनच्या आधीचा उपाय आहे.

या गोंगाटाचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत. त्याची बहुतेक ऊर्जा खालच्या पट्टीत, म्हणजे काहीशे हर्ट्झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) आत असते. आणि तो तासन् तास जवळजवळ न बदलता चालू राहतो. नॉइज कॅन्सलिंगला नेमका हाच आवाज सर्वांत सोपा जातो. हेडफोनवरचा सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतले सर्किट त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि कानाशी त्या दोन लहरी एकमेकींना मारतात. यात सगळा खेळ वेळेचा आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि हवेतली त्याची लहर साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. इतक्या संथ लहरीला उलटी लहर जोडायला स्वस्त चिपलाही पुरेसा अवधी मिळतो. ४,००० हर्ट्झला मात्र ती लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची होते, आणि मग सर्किटला झालेला किंचित उशीर किंवा हेडफोन कानावर थोडा सरकणे एवढ्यानेही हिशेब चुकतो. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर नॉइज कॅन्सलिंगचा जोर झपाट्याने ओसरतो आणि तिथून पुढचे काम कानाभोवतीच्या गादीला करावे लागते.

मुळात हे तंत्र बाजारात आले तेही याच घरघरीमुळे. उलट्या लहरीने आवाज मारण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट पॉल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळाले होते. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनवर संगीत धड ऐकू येईना म्हणून बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी प्रवासातच कागदावर आकडेमोड सुरू केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा २००० मध्ये. त्यानंतरच्या पाव शतकात मायक्रोफोन आणि चिपा इतक्या स्वस्त झाल्या की खालच्या पट्टीतली घरघर मारण्याचे काम आज ५,०००-८,००० रुपयांचा हेडफोनही बऱ्यापैकी करतो. महागड्या हेडफोनची आघाडी मधल्या पट्टीत, म्हणजे माणसांच्या बोलण्याच्या आवाजात, जास्त दिसते. घरघरीत ती किमतीतल्या फरकाइतकी मोठी नसते.

यातूनच एक अपेक्षाभंगही टाळता येईल. मागच्या रांगेतले तान्हे बाळ, शेजाऱ्याच्या गप्पा, जेवणाच्या ट्रॉलीचा खडखडाट यांवर परवडणाऱ्या किमतीतला हेडफोन फार काही करू शकत नाही. उलट घरघर गेल्यावर हे आवाज सुटे आणि स्पष्ट ऐकू येऊ लागतात आणि पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटते की वस्तू बिघडलेली आहे. आई-वडिलांना हे आधीच सांगून ठेवावे. झोपायच्या वेळी बाळ रडतच असेल तर फार्मसीत मिळणारे स्पंजाचे इअरप्लग नीट पिळून कानात बसवावेत आणि त्यावर हेडफोन चढवून नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवावे. वरच्या पट्टीचा आवाज प्लग अडवतो, खालचा हेडफोन मारतो, आणि या जोडीची बरोबरी एकटा महाग हेडफोनही सहसा करू शकत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. '४५ डेसिबल', '५० डेसिबल' हे आकडे बहुधा ज्या एका कंप्रतेवर परिणाम सर्वांत जास्त दिसला तिथले असतात, सगळ्या आवाजावरची सरासरी नसतात. शिवाय मोजमाप प्रयोगशाळेतल्या कृत्रिम डोक्यावर होते. त्या डोक्याला चष्मा नसतो आणि केसही नसतात. '९८ टक्के आवाज कमी' या दाव्याचे तर दोन अर्थ निघतात: ध्वनिदाबाच्या हिशेबाने तो ३४ डेसिबल होतो आणि ऊर्जेच्या हिशेबाने केवळ १७. प्रत्यक्ष केबिनमध्ये, घरघरीच्या पट्टीत, १५ ते २० डेसिबलची घट मिळाली तर मी परवडणाऱ्या हेडफोनला पूर्ण गुण देतो. १० डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते, हे लक्षात घेतले तर ही घट किती मोठी आहे ते कळेल.

आपल्याकडच्या ऑनलाइन बाजारात याहून मोठा घोळ 'ईएनसी' या तीन अक्षरांनी घातला आहे. हजार-दीड हजाराच्या कित्येक हेडफोनांवर आणि इअरबड्सवर ती ठळकपणे छापलेली असतात. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलत असताना तुमच्या भोवतीचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू यावा यासाठीची सोय. तुमच्या स्वतःच्या कानांत येणारा आवाज तिने तसूभरही कमी होत नाही. आपल्याला हवे ते 'एएनसी', म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. त्यातही 'हायब्रिड' लिहिलेले असेल तर चांगले. त्यात एक मायक्रोफोन कपाच्या बाहेर आणि एक आत कानाजवळ असतो, त्यामुळे राहिलेला आवाज पुन्हा तपासून दुरुस्त करता येतो. या एका फरकासाठी तीन हजारांऐवजी पाच-सहा हजार मोजणे मला रास्त वाटते.

सगळ्यात जास्त वेळ मी बसण्यावर घालवतो, कारण पैसे इथेच वाया जातात किंवा वसूल होतात. गादी आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली तर खालच्या पट्टीचा आवाज त्या फटीतून सरळ आत शिरतो, म्हणजे नेमका तोच आवाज ज्यासाठी आपण पैसे दिले. चष्म्याची काडी ही अशी फट हमखास पाडते. प्लॅस्टिकच्या रुंद काड्यांपेक्षा बारीक धातूच्या काड्या कमी फट पाडतात. म्हणून वडिलांकडे जुना तारेच्या काड्यांचा चष्मा असेल आणि त्याचा नंबर अजून चालत असेल तर तो प्रवासात न्यावा. गादी जाड आणि मऊ, बोटाने दाबल्यावर हळूहळू वर येणारी असली तर ती काडीभोवती मुरते. कडक, पातळ गादी मुरत नाही.

आईच्या बाबतीत कानातल्यांचा विचार करावा लागेल, आणि परदेशी लेखांत हा मुद्दा सहसा सापडत नाही. कुड्यांची किंवा खड्यांची मागची फिरकी हेडफोनच्या दाबाने कानामागच्या हाडावर रुतते; पहिल्या अर्ध्या तासात काही जाणवत नाही, तिसऱ्या तासाला कान ठणकू लागतो आणि दोष हेडफोनला जातो. लोंबते डूल गादीखाली सापडले की फट पडते ती वेगळीच. बुगडी घालणाऱ्यांना तर पाळीच्या वरच्या भागावर थेट दाब येतो. प्रवासापुरत्या लहान, सपाट मागच्या बाजूच्या कुड्या घालाव्यात किंवा काढून ठेवाव्यात. केसांचा अंबाडा उंच असेल तर डोक्यावरची पट्टी पुढे ढकलली जाते आणि कपांचा खालचा भाग उघडा पडतो, म्हणून केस खाली, मानेजवळ बांधावेत. मानेभोवतीची फुगवलेली उशीही कपांना खालून वर ढकलते. ती उलटी, म्हणजे उघडी बाजू मागे करून घातली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वजनाचा आकडा मात्र खोक्यावरचा विश्वासार्ह असतो आणि तो जरूर पाहावा. २०० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन आणि २८० ग्रॅमचा हेडफोन दुकानात पाच मिनिटे घातले तर सारखेच वाटतात. सहा तासांनंतर टाळूवर त्यांचा फरक कळतो. दाब हा दुसरा भाग. सैल हेडफोनने फट पडते, घट्ट हेडफोनने जबडा दुखतो. नवा हेडफोन घट्ट वाटला तर चार-सहा रात्री तो तीन-चार पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवावा, पट्टी थोडी सैलावते. कान पूर्णपणे कपाच्या आत जायला हवा. कानावर टेकणारे लहान कप लांबच्या प्रवासाला घेऊच नयेत.

काही जणांना नॉइज कॅन्सलिंग चालू करताच कानांत दडा बसल्यासारखे वाटते. हवेचा दाब बदललेला नसतो. खालचे आवाज अचानक नाहीसे झाल्याचा तो भास असतो आणि बहुतेकांना दोन-तीन दिवसांत त्याची सवय होते. पण ज्यांना होत नाही त्यांना होतच नाही, म्हणून प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी खरेदी करून घरी रोज थोडा वेळ वापरून पाहावा. उतरताना खरोखर जे दडे बसतात त्यांच्यावर हेडफोनचा काही इलाज नाही. त्यासाठी गोळी चघळणे, आवंढा गिळणे हेच उपाय आहेत, आणि कानात घट्ट बसणारे इअरबड्स किंवा प्लग त्या वेळी काढून ठेवावेत.

आता वायरीचा प्रश्न. आसनासमोरच्या पडद्यावरचे चित्रपट पाहायचे असतील, आणि १५ तासांत ते पाहिले जातातच, तर हेडफोनला वायर जोडण्याची सोय हवी. नव्या विमानांत हाताच्या आधारापाशी किंवा पडद्याखाली साधे ३.५ मिलिमीटरचे भोक असते. जुन्या विमानांत शेजारी-शेजारी दोन भोके असतात आणि त्यांतल्या एकात साधी वायर घातली तर बहुधा एकाच कानात आवाज येतो. त्यासाठी दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर मिळतो. तो शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, घेऊन ठेवावा. काही नव्या विमानांतल्या पडद्यांना ब्लूटूथही जोडता येते, पण आपल्या वाट्याला कोणते विमान येईल याची खात्री नसल्याने वायर असलेली बरी. वायर घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. वायर जोडल्यावर नॉइज कॅन्सलिंग चालू राहते का, कारण काही स्वस्त हेडफोनांत ते बंद होते. हेडफोनच्या बाजूचे भोक ३.५चे आहे की २.५ मिलिमीटरचे, कारण २.५ची वायर हरवली तर परदेशी विमानतळावर ती मिळवणे कठीण जाते. आणि भोक मुळात आहे का? सेनहायझरचे अ‍ॅक्सेंटम हे मॉडेल एरवी उत्तम आहे, पण त्याला ३.५चे भोकच नाही. ते हवे असेल तर त्याच घराण्यातले 'प्लस' घ्यावे लागते. पडद्याच्या भोकात बसवायचे छोटे ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतात आणि त्यांतले काही एकाच वेळी दोन हेडफोनांना आवाज पाठवतात. आई-वडिलांना एकच चित्रपट एकत्र पाहायचा असेल तर ही सोय छान आहे. फक्त ती वस्तूही चार्ज करावी लागते, आणि सत्तरीतल्या माणसांच्या हाती सांभाळायला आणखी एक वस्तू देणे मला फारसे पटत नाही.

बॅटरीची चिंता परवडणाऱ्या मोठ्या हेडफोनांत जवळजवळ उरलेली नाही. पुण्याहून निघणे, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे आणि १५-१६ तासांचे उड्डाण धरले तरी सगळे चोवीस तासांत बसते, आणि नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून ३०-४० तास चालणारे हेडफोन या किमतीत सर्रास आहेत. मात्र वाटेत चार्ज करू असे गृहीत धरू नये. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येतच नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. शिवाय उड्डाणात ती वापरण्यावरही आता बंधने आली आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने चार्जिंग करायला मनाई केली आहे, म्हणून आपापल्या विमान कंपनीचा नियम निघण्याआधी वाचावा. अनेक हेडफोन चार्जिंगला लावताच बंद होतात, हेही ध्यानात असू द्यावे. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करणे एवढेच पुरते.

याच कारणासाठी या प्रवासाला मी इअरबड्स सुचवत नाही. ते कुशीवर झोपायला सोयीचे असतात, खिशात मावतात आणि चष्म्याचा प्रश्नही येत नाही, हे खरे. पण नॉइज कॅन्सलिंग चालू असताना ते एका दमात साधारण पाच ते आठ तास चालतात, मग डबीत ठेवावे लागतात. आणि झोपेत एखादा आसनाच्या फटीत पडला तर तो काढायला विमानातल्या कर्मचाऱ्यांना बोलवावे लागते, कारण आसन हलवले की तो चिरडतो. तरुण, एकट्या प्रवाशाचा विचार वेगळा असेल.

ज्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत अशाही गोष्टी आहेत. एलडॅकसारखे उच्च दर्जाचे कोडेक (ब्लूटूथने आवाज पाठवण्याची पद्धत), खेळांसाठीचा कमी विलंब, फोनवर बोलताना समोरच्याला मिळणारी स्पष्टता, वाऱ्यात चालताना येणारा खरखराट कमी करण्याची सोय, यांपैकी काहीही विमानात उपयोगी पडत नाही. शांत खोलीत स्वस्त हेडफोनचा हलका 'हिस्स' आवाज ऐकू येतो म्हणून परीक्षणांत गुण कापलेले असतात. केबिनमध्ये तो आवाज सापडणारही नाही. 'अ‍ॅडॅप्टिव्ह' म्हणजे परिस्थितीनुसार आपोआप बदलणारे नॉइज कॅन्सलिंगही स्वस्त हेडफोनांत मला आवडत नाही. ते मध्येच कमी-जास्त होत राहते. जिथे 'ट्रान्सपोर्ट' (प्रवासासाठीची) किंवा कमाल पातळी ठरवून ठेवता येते तिथे ती अ‍ॅपमध्ये निघण्यापूर्वीच ठरवून टाकावी.

दुकानात पाहायला मिळाला तर संगीत लावूच नका. मोठ्या दुकानात वातानुकूलनाची जाळी असते, तिच्याखाली उभे राहून नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद करून पाहा. मग चालू असताना दोन्ही कप तळहातांनी हलकेच कानाकडे दाबा. दाबल्यावर आवाज आणखी ठळकपणे कमी झाला तर त्या डोक्यावर तो हेडफोन नीट बसत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेले असो. हीच चाचणी चष्मा घालून आणि काढून करा. जबडा हलवून पाहा. विकत घेतल्यावर खरी परीक्षा घ्यायची असेल तर डिझेलच्या एसटीसारखी जागा नाही. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर त्याची मुख्य धडधड ९० हर्ट्झची पडते, म्हणजे अगदी आपल्याला हवी त्या पट्टीतली. मुंबई-पुणे मार्गावरची ई-शिवनेरी या कामाला उपयोगी नाही, तिला डिझेलची धडधडच नाही. लाल परीच बरी. बस खड्ड्यातून गेल्यावर कानात 'धप्' असा ठोका येत असेल तर सर्किट मोठ्या झटक्याला पुरे पडत नाही असे समजावे. एखाद-दुसरा ठोका क्षम्य आहे, प्रत्येक खड्ड्याला येत असेल तर परत करावा. मिक्सरजवळ उभे राहून परीक्षा घेऊ नये, त्याचा कर्कश आवाज कोणत्याच हेडफोनला नीट पेलत नाही.

आता नावे. किमती सणांच्या विक्रीत बऱ्याच खाली-वर होतात, म्हणून त्या आज पाहून घ्याव्यात. आईसाठी मी पहिली पसंती सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एन या मॉडेलला देईन. वजन केवळ १९२ ग्रॅम, नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३५ तास, वायरीची सोय आणि दाबायची खरी बटणे. बटणांना मी मुद्दाम महत्त्व देतो. कपावर बोट फिरवून चालणारे हेडफोन वयस्कर बोटांना आणि सैल केसांना भलतेच अर्थ लावतात. त्याची उणीव म्हणजे तो घडी होऊन लहान होत नाही आणि सोबत डबी येत नाही, त्यामुळे पर्समध्ये दबण्याची भीती असते. वडिलांसाठी साउंडकोर लाइफ क्यू३० मिळाला तर पाहावा: घडी होतो, कडक डबी येते, ४० तास चालतो आणि त्यात प्रवासासाठीची वेगळी पातळी आहे, वजन मात्र सोनीपेक्षा बरेच जास्त आहे. २०२५ मध्ये आलेला सीएमएफ हेडफोन प्रो बॅटरी आणि ठसठशीत चक्राच्या बटणामुळे मोह घालतो आणि त्याच्या गाद्या सहज बदलता येतात, पण तोही वजनदार आहे, म्हणून मानदुखी असलेल्याला देऊ नये. जेबीएलचा ट्यून ७७०एनसी वजनाने सोनी आणि हे दोन वजनदार हेडफोन यांच्या मध्ये बसतो आणि विक्रीच्या दिवसांत स्वस्त पडतो. सोनीचा २०२० मधला डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ तुमच्या मर्यादेच्या वर जातो, तरी एखाद्या विक्रीत जवळपास आला तर तो आजही विमानासाठी फार चांगला आहे. तो घडी होतो आणि विमानाचा अ‍ॅडाप्टर सोबत येतो. वापरलेला घेऊ नये, बॅटरी आणि गाद्या दोन्ही थकलेल्या असतात.

तुम्ही विचारले नाही तरी वयामुळे एक गोष्ट सांगायला हवी. सत्तरीत वरच्या पट्टीचे ऐकू येणे कमी झालेले असते आणि खालच्या पट्टीची घरघर बोलण्यातली व्यंजने झाकून टाकते. म्हणून वडील चित्रपटाचा आवाज वाढवत नेतात. घरघर कमी झाली की तेच संवाद कमी आवाजात समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी धरली आहे. ९० डेसिबलला तोच कोटा चार तासांत संपतो, म्हणजे एका चित्रपटात आणि दुसऱ्याच्या मध्यंतरापर्यंत. फोनवर आवाजाची कमाल मर्यादा आधीच लावून द्यावी. दोघांपैकी कोणी श्रवणयंत्र वापरत असेल तर कप त्यावर टेकून शिट्टी वाजू शकते. तेव्हा हेडफोन घेण्याआधी श्रवणतज्ज्ञांकडे यंत्रासकट घालून पाहावा.

खरेदी ऑनलाइन करणार असाल तर 'परत' आणि 'बदलून' यांतला फरक पाहून घ्या. कित्येक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक वस्तू केवळ बिघाड असल्यास बदलून मिळते. डोक्यावर बसत नाही हे कारण चालत नाही. याच कारणासाठी मी या एका वस्तूला दुकानात चारशे-पाचशे रुपये जास्त द्यायला तयार असतो. लेक अमेरिकेतून स्वस्तात पाठवते म्हणाली तर तिथली हमी इथे चालेलच असे नाही, हे तिला सांगावे. विमानात बसल्यावर फोन विमान मोडवर टाकला की ब्लूटूथही बंद होऊ शकते, ते पुन्हा चालू करायचे असते. ही एक कृती दोघांकडून घरीच दोन-तीनदा करून घ्यावी. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी काही विमानांत मोठे हेडफोन काढायला सांगतात, तेव्हा ते समोरच्या कप्प्यात न ठेवता पट्टीतून हात घालून मांडीवर धरावेत, कप्प्यातल्या वस्तू विसरल्या जातात. आणि परत आल्यावर गाद्या कोरड्या कपड्याने पुसून हेडफोन हवेशीर जागी ठेवावा. कृत्रिम कातड्याच्या या गाद्या आपल्या दमट हवेत, केसांच्या तेलासकट, दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटतात. त्या निराळ्या विकत मिळतात की नाही, हे खरेदीच्या दिवशीच दुकानदाराला विचारून ठेवावे.